टेलरकाकूंचा बिघडलेला टीव्ही

टेलरकाकूंची जीभ त्यांच्या कात्रीहून धारदार होती, आणि वरच्या मजल्यावर राहणाऱ्या त्यांच्या जाऊबाईही काही कमी नव्हत्या. काकूंनी शिवून दिलेला ड्रेस घालून बघताना जाऊबाई म्हणाल्या, "ही बाही आहे की पिशवी?" झालं, दोघींत अबोला सुरू झाला.

संध्याकाळी मात्र काकू मशीन झाकून एका हसऱ्या कुटुंबाची मालिका बघत. त्या घरात रोज भांडण पेटायचं आणि अर्ध्या तासात सगळे एकमेकांच्या गळ्यात पडून मोकळे व्हायचे. "असं कुठे असतं का?" म्हणत काकू डोळे पुसायच्या.

ऐन रंगात आलेली मालिका आणि टीव्हीच बंद पडला. काकू तडक जिना चढल्या.

"टीव्ही बघायला आलेय, बोलायला नाही," त्यांनी दारातच बजावलं.

"मला तरी कुठे हौस आहे!" म्हणत जाऊबाईंनी सोफ्यावर जागा करून दिली.

दोघी दोन टोकांना बसल्या. मालिकेतले आजोबा सुनेचा चष्मा लावून शेजारणीलाच बायको समजून रागावले, तेव्हा काकू खो-खो हसल्या आणि जाऊबाईंनी उशीत तोंड खुपसलं. शेवटच्या गळाभेटीला दोघीही मुसमुसत होत्या.

"चहा टाकू?" जाऊबाईंनी नाक पुसत विचारलं.

"टाक. साखर बेताची घाल."

दुसऱ्या दिवशी मेकॅनिक आला. "वायर सैल झालीय काकू, आत्ता करून देतो."

काकूंनी दार लोटलं आणि त्या हळूच म्हणाल्या, "हात लावू नका. आमच्या ह्यांना सांगा, पार्ट मागवावा लागेल, महिना तरी जाईल."