आमच्या परसातला परग्रहवासी

आमच्या परसात परग्रहावरचा पाहुणा सापडला, तेव्हा घरात दीड बादली पाणी होतं.

दोन्ही बाबी नोंदवणं आवश्यक आहे, कारण पुढचा सगळा घोटाळा या दोहोंच्या मध्ये घडला. एका दैनिकाच्या डेस्कवर माझी सत्तावीस वर्षं गेली आहेत. आधी तथ्य, मग मत, हा माझा धर्म. (घरात हा धर्म पाळणारा मी एकटाच. अल्पसंख्य म्हणा.)

तथ्यं अशी. शिवाजीनगरच्या बाजारामागे आमचं जुनं घर आहे. त्या वर्षी बोअरवेल उन्हाळ्याआधीच आटली. टँकरवाला फोन उचलायचा तो फक्त "आज होणार नाही" हे सांगायला. म्हणून परसात पावसाचं पाणी साठवायला जमिनीखाली टाकी बांधायची ठरली. इथं कानडी मुलखात तिला सम्प म्हणतात. खणणाऱ्या मंजुनाथने बजावलं होतं, "सार, पाऊस यायच्या आत पाहिजे तर एक दिवस फुकट घालवायचा नाही."

दुसऱ्याच दिवशी पहार ठणकन वाजली. मातीतून एक काळा चपटा दगड निघाला, पालथा. चौघांनी तो उताणा केला आणि वरच्या गच्चीतून देखरेख करणारे माझे थोरले बंधू अण्णा लुंगी सावरत जिन्यावरून अक्षरशः कोसळले.

दगडावर एक आकृती होती. भोपळ्याएवढं गोल डोकं, त्यात डोळ्यांच्या जागी नुसती आडवी फट. पुढे केलेले हात. दोन्ही बाजूंना दोन काड्या, काड्यांच्या टोकाला दोन गोळे. खाली दोन वर्तुळं. शेजारी ठिपक्यांचे गट: सात, दोन, एक, चार.

"आले होते," अण्णा हळूच म्हणाले.

"कोण?"

"ते." अण्णांनी बोट आकाशाकडे केलं.

अण्णा माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे. आयुष्यभर कारखान्यात यंत्रं जुळवली. निवृत्तीनंतर हातात मोबाइल आला आणि मोबाइलमध्ये ते व्हिडिओ आले, ज्यांत जगातली प्रत्येक जुनी इमारत बाहेरच्या ग्रहावरून आलेल्या मंडळींनी बांधलेली असते.

"डोक्यावर काय आहे, रघ्या? अंतराळवीराचं हेल्मेट! या काड्या? अँटेना! खाली यान! आणि हे सात ठिपके?"

"काय?"

"सप्तर्षी! पत्ता लिहून ठेवलाय!"

"अण्णा, पोस्टमनला आपलं घर सापडत नाही. त्यांना कसं सापडलं?"

"आपले पूर्वज साडेतीनशे वर्षांपूर्वी घोड्यांवर बसून या गावात आले आणि परत जायचं विसरले, हे तुला पटतं ना? त्याचा पुरावा मागितलास कधी?"

हा प्रश्न मी वगळला. (डेस्कवर याला संपादन म्हणतात.)

"दगड हलवायचा नाही," अण्णांनी जाहीर केलं. "दिशा महत्त्वाची आहे. हलवला की पत्ता चुकला."

"आत्ताच तर उलटला!"

"उलटला. सरकवला नाही!"

त्यांनी खड्ड्याच्या काठावर खुर्ची टाकली. "अभ्यास होईपर्यंत स्वल्प थांबा."

"सार," मंजुनाथने विचारलं, "स्वल्प म्हणजे किती?"

अण्णांनी पुन्हा आकाशाकडे पाहिलं. मंजुनाथ "सरी सार" म्हणाला, पहार उचलली आणि हेब्बाळच्या दुसऱ्या कामावर निघून गेला.

या उपपत्तीबद्दल माझं मत स्पष्ट होतं आणि आजही आहे. आपल्याला भिंतीत सरळ खिळा ठोकता येत नाही. मग कुणीतरी हजार वर्षांपूर्वी अख्खा डोंगर कोरला, हे मनाला लागतं. त्या पाथरवटाचं कौतुक करण्यापेक्षा परग्रहवासीयांचं करणं सोपं जातं. आणि गंमत म्हणजे श्रेय फक्त चांगल्या कामाचं देतात. आमच्या गल्लीतले खड्डे बाहेरच्या ग्रहावरून आले, असं अजून कुणी म्हटलेलं नाही!

हे सगळं मी माझ्या बायकोला, सुधाला, समजावून सांगितलं. ती एका तांब्यात चार कप विसळत होती.

"अहो, एक तर वाद जिंका, नाही तर पाणी आणा. दोन्हींपैकी काहीतरी एक करा."

पाणी आणणं माझ्या हातात नव्हतं. मी वाद जिंकायला घेतला.

नुसतं "परग्रहवासी नाही" म्हणून अण्णा ऐकणार नव्हते. मग हे काय आहे, ते सांगणं भाग होतं. तीन ग्रंथ चाळले आणि मला सत्य दिसलं: हा वीरगळ! गाई राखताना पडलेल्या वीराच्या स्मरणाचा दगड. या भागात असे दगड निघतात. सगळं चपखल बसत होतं. काड्या म्हणजे भाले. वर्तुळं म्हणजे ढाली. ठिपके म्हणजे सोडवलेल्या सात गाई, दोन बैल, एक कालवड आणि मारलेले चार चोर. एका निवृत्त प्राध्यापकांना फोटो पाठवला. त्यांचं उत्तर आलं, "फोटो अस्पष्ट आहे. असूही शकेल." मी लिहिलं, "तज्ज्ञांच्या मते हा वीरगळच आहे."

लेख रविवारी छापून आला, फोटोसकट, माझ्या नावासकट. "अंधश्रद्धेवर पुराव्याची मात," असा मथळा मीच दिला होता.

अकरा वाजता इतिहासप्रेमींचा एक गट दारात उभा राहिला. सगळे नम्र, सगळ्यांच्या हातात मोजपट्ट्या.

"सर, अभिनंदन! आता दगड एक इंचही हलवू नका. तपासणी होईपर्यंत खोदकाम बंद."

"किती दिवस?"

"स्वल्प वेळ लागेल."

त्यांनी खड्ड्याभोवती सुतळी बांधली. शेजारच्या ललिताम्मांनी सुतळीखालून हात घालून वीराला हळदकुंकू लावलं. वरच्या गच्चीतून अण्णा म्हणाले, "चला, दगड जागेवर राहिला हे महत्त्वाचं. थँक्स, रघ्या!"

परग्रहवासीयाने आठवडाभर अडवलेला सम्प मी बेमुदत अडवून दाखवला होता. त्या दिवशी सुधाने भांड्यांऐवजी पत्रावळी मांडल्या. माझी पत्रावळ लेखाच्या पानावर ठेवली होती.

संध्याकाळी आमची बहीण, अक्का, एचएसआर लेआउटहून दोन तास ट्रॅफिक सोसून आली. ती मधली, माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. पेपर तिच्या पर्समध्ये होता. ती कुणाशी न बोलता सरळ परसात गेली, सुतळी उचलली, दगडापाशी वाकली आणि मग सरळ होऊन माझ्या पाठीत एक धपाटा घातला.

"अय्यो गाढवा! हे तू कोरलंस!"

"अक्का, पुरावा?" मी शांतपणे विचारलं. (आवाज शांत होता. पाठ नव्हती.)

"पाट्याला छिन्नीने टाकी लावणारा म्हातारा यायचा, आठवतंय? हत्यारं आपल्या ओट्यावर ठेवून जेवायला जायचा. तू चौथीत. दोन दुपारी टकटक करत बसलास. अण्णाने नवी स्कूटर घेतली होती ना? ही दोन चाकं. हे दोन आरसे. आणि हेल्मेट! अख्ख्या गल्लीत तेव्हा हेल्मेट घालणारा हा एकटाच!"

"आणि ठिपके?" माझा आवाज बारीक झाला होता.

"नंबर! आकडे कोरता येईनात, म्हणून ठिपके दिलेस. धुण्याचा दगड होता तो. खरखरीत करून ठेवलास, आपल्या अप्पांचा सदरा टरकन फाटला. अप्पांनी विचारलं, कुणी केलं? तू माझ्याकडे बोट दाखवलंस! मार मी खाल्ला, दगड अप्पांनी पालथा घातला, आणि तू आज त्याच्यावर लेख लिहितोस?"

मी अण्णांकडे पाहिलं. अण्णा जवळ आले, ठिपक्यांवरून बोट फिरवलं.

"सात, दोन, एक, चार," ते पुटपुटले. "माझीच रे स्कूटर."

माणसाचं अख्खं विश्व कोसळलं होतं. मी सांत्वनाचे शब्द जुळवू लागलो. तेवढ्यात अण्णा ताठ उभे राहिले.

"मी काय म्हटलं होतं? हेल्मेट! आहे की नाही? वाहन म्हटलं, वाहन निघालं. ठिपक्यांत मालकाचा ठावठिकाणा म्हटलं, नंबर निघाला! आता तू सांग, रघ्या. तुझ्या गाई कुठायत?"

सुधा हसली ती भिंतीला टेकूनच. आठवड्यात पहिल्यांदा.

स्वतःचंच चित्र म्हटल्यावर अण्णांनी दगड हलवायला तात्काळ परवानगी दिली. इतिहासप्रेमी सुतळी सोडून नम्रपणे निघून गेले. मंजुनाथ परत आला आणि सम्प वेळेत झाला. दगड आता फाटकाशी उभा आहे. ललिताम्मा अजूनही त्याला फूल वाहतात आणि त्या वेळी अण्णा शेजारी उभे राहून नमस्कार स्वीकारतात.

राहिला खुलासा. आमच्या व्यवसायात चूक झाली की छापावी लागते. सत्तावीस वर्षं दुसऱ्यांचे खुलासे कापून लहान केले. हा एक मी स्वतः लिहिला, पाच ओळींत:

"गेल्या रविवारच्या लेखातील शिल्प प्राचीन नसून इयत्ता चौथीतील आहे. त्यातील गाई, बैल, कालवड व चोर अस्तित्वात नव्हते. चूक लेखकाची आहे. शिल्पही लेखकाचेच आहे. भगिनीची क्षमा मागण्यात येत आहे."