तिसावा चिमटा

जानेवारीचा दुसरा रविवार, दुपारचे चार. खोलीत तिघंच होतो : खाटेवर उशीला टेकून बसलेली विजयाताई, तिची मुलगी मेघना आणि मी. माझ्या खिशात कपडे वाळत घालायचे सात निळे चिमटे होते. त्यातला एक मला ताईला परत करायचा होता. ती आमची शेवटची भेट ठरली. त्यानंतर नवव्या दिवशी ताई गेली. त्याला आता सात आठवडे होऊन गेले.

ताई माझी चुलत बहीण, माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. आम्ही दोघं परळच्या एकाच चाळीत, एकाच मजल्यावर वाढलो. ती पुढे तिथल्याच एका मराठी प्राथमिक शाळेत शिक्षिका झाली आणि मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली. मी एका रुग्णालयाच्या कार्यालयात परिचारिकांच्या ड्यूट्या लावतो. कोण कधी रजेवर, कुठल्या पाळीत किती माणसं कमी, हे मोजण्यात माझी सत्तावीस वर्षं गेली. मोजायला मला ताईनेच शिकवलं. तिसरीत असताना भागाकार मला येत नव्हता. ताई समजावून सांगायची, मी मान हलवायचो. एकदा तिने पाटी काढून घेतली.

"मान हलवायला पैसे पडत नाहीत रे, नंदू. कुठपर्यंत कळलं, तिथे बोट ठेव."

मी भलतीकडेच बोट ठेवलं. तिने तिथूनच प्रश्न विचारला आणि मी उघडा पडलो. चार-पाच दिवस हे असंच चाललं. मग एका संध्याकाळी बोट खऱ्या जागी पडलं. वरचा आकडा खाली का उतरवायचा, एवढंच मला कळत नव्हतं, बाकी सगळं येत होतं. तो भागाकार मग दहा मिनिटांत सुटला.

निवृत्तीनंतर ताईकडे एक काम आलं. तिच्या संस्थेच्या लालबाग, परळ आणि दादर मिळून चार लहान शाळा. सरकारी पुस्तकं सगळीकडे तीच, पण प्रत्येक शाळेत कुठे ना कुठे धडे राहून जायचे आणि दर वर्षी वेगळेच राहायचे. चौथी सोडताना प्रत्येक मुलाला, अगदी शेवटच्या बाकावरच्यालाही, आलंच पाहिजे असं काय काय, ते पक्कं ठरवायचं होतं. त्यात पुस्तकाबाहेरचंही आलं. ताई त्याला गाभा म्हणायची. याआधी दोनदा असा कागद झाला होता आणि दोन्ही वेळा तो शाळेच्या कपाटात गेला होता, कारण त्यात लिहिलेलं शिकवायला वर्ष पुरतच नव्हतं.

म्हणून ताईने आधी मला बोलावलं. "शिकवायला खरे आठवडे किती मिळतात, तेवढं मोजून दे. कागदावरचे नकोत, खरे."

मागच्या एप्रिलमध्ये तिने घरात, खिडकीच्या गजापासून कपाटाच्या कडीपर्यंत दोरी बांधली. चाळ पडून तिथे इमारत झाली, ताई अकराव्या मजल्यावर गेली, पण दोरी बांधायची सवय काही सुटली नव्हती. दुकानातून तीन डझन चिमटे आणले. दोन मोठ्या सुट्ट्या आणि एकेका दिवसाच्या सुट्ट्या वगळून उरणारे छत्तीस आठवडे, म्हणून छत्तीस चिमटे. मग मी एकेक काढत गेलो. परीक्षांचे तीन, खेळ आणि संमेलनाचा एक, शिक्षकांना बाहेरच्या कामाला नेतात त्याचा एक, सुट्ट्यांच्या छापील यादीतला गणपतीचा एक आणि लालबागच्या मुख्याध्यापिका सावंतबाईंनी सांगितलेला एक. त्या म्हणाल्या होत्या, "नंदूभाऊ, आमच्या गल्लीत त्या आठवड्यात मुंगी शिरत नाही, शाळा कसली धरता!" एकूण सात गेले, एकोणतीस राहिले. काढलेले सात ताईने माझ्या ओंजळीत टाकले. "हे तुझ्याकडे. माझ्याकडे राहिले तर मला मोह होईल."

एका चिमट्याला एकच चिठ्ठी आणि एका चिठ्ठीत एका आठवड्याचं काम, हा तिचा नियम. नवी चिठ्ठी लावायची असेल त्याने आधीची एक स्वतःच्या हाताने काढायची. तीन शनिवार चारही शाळांतली शिक्षकमंडळी ताईच्या घरी जमून भांडली. गणिताचे पेडणेकर सर अपूर्णांकाचे तीन आठवडे सोडायला तयार नव्हते. सावंतबाईंना अर्ज आणि पत्र लिहिणं हवंच होतं. चहा तीनदा व्हायचा. शेवटच्या शनिवारी एकोणतीस चिमटे भरले आणि टेबलावर एक चिठ्ठी जास्त राहिली.

"एक चिमटा वाढवा की हो," सावंतबाई म्हणाल्या. "कोण मोजतंय?"

"हा मोजतोय," ताई म्हणाली. "म्हणून तर बोलावलाय."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी वही उघडून पुन्हा बेरीज केली आणि एकोणतीसच सांगितले. ताईने टेबलावरची चिठ्ठी उचलली. जास्तीची चिठ्ठी तिचीच होती. 'आपल्याला काय कळलं नाही ते नेमकं सांगता येणे', असं तिच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलेलं. "दुसऱ्याच्या चिठ्ठीला मी हात कसा लावू..." असं म्हणून तिने ती घडी घालून चष्म्याच्या केसमध्ये ठेवली. जूनपासून चारही शाळांत त्या एकोणतीस चिठ्ठ्यांप्रमाणे चौथीचं वर्ष सुरू झालं आणि या वेळी तो कागद कपाटात गेला नाही.

नोव्हेंबरात ताईचं दुखणं निघालं. डिसेंबरात ती रुग्णालयात असताना एका सकाळी डॉक्टर रिपोर्ट समजावून सांगायला आले. भराभर बोलत होते. मेघना मान हलवत होती. मीही हलवत होतो. रुग्णालयात इतकी वर्षं काढलेला माणूस मी, पण निम्मंसुद्धा कळलं नव्हतं. ताईने चष्मा लावला, रिपोर्ट हातात घेतला आणि चौथ्या ओळीवर बोट ठेवलं.

"डॉक्टर, इथपर्यंत कळलं. यापुढचं पुन्हा सांगा."

ते थांबले. स्टूल ओढून बसले आणि सावकाश सांगितलं. पसरलं कुठवर आहे, औषधाने काय होईल, काय होणार नाही. मग ताईने दोनच प्रश्न विचारले आणि घरी जायचं ठरवलं. आम्हा दोघांच्या भरवशावर राहिली असती, तर तिचे उरलेले दिवस तिला न विचारताच ठरले असते.

त्या संध्याकाळी घरी येऊन मी एप्रिलची वही काढली. ज्या बेरजेमुळे ताईची चिठ्ठी बाहेर राहिली होती, ती बेरीज मला एकदा तपासायची होती. चूक सापडायला पाच मिनिटंही लागली नाहीत. सावंतबाई बोलल्या तो आठवडा आणि छापील यादीतला गणपतीचा आठवडा एकच होता. मी तो दोनदा वजा केला होता. आठवडे तीस होते.

सांगायला मला तीन आठवडे लागले. आजारी माणसाला कशाला त्रास, असं मी स्वतःला समजावत होतो... खरं कारण ते नव्हतं. शेवटी त्या रविवारी चिमटे खिशात घालून गेलो आणि सांगून टाकलं.

ताई हसायला लागली, हसता हसता खोकली. मेघनाने पाणी दिलं. "गणपती दोनदा बसवलास की रे! आणि बायकोला एका वर्षाचीही नीट आरास करू देत नाहीस."

मी चिमटा पुढे केला. तिने घेतला नाही.

"मला कशाला देतोस? आठवडा पोरांचा गेला. जिथे बेरीज सांगितलीस, तिथे जाऊन सांग."

"तू बरी झालीस की आपण दोघं मिळून..."

"नंदू, मान हलवू नकोस."

तिने चष्म्याच्या केसमधली चिठ्ठी काढून माझ्या हातात दिली आणि डोळे मिटले. निघताना मेघना दारापर्यंत आली.

मागच्या शनिवारी लालबागच्या शाळेत पुढच्या वर्षासाठी बैठक झाली. ताईसाठी एक खुर्ची रिकामी ठेवली होती. मी उभा राहून चूक सांगितली. सावंतबाई म्हणाल्या, "अहो, मीच तसं बोलले होते." त्यांचं बोलणं बरोबर होतं, वजाबाकी माझी होती. पेडणेकर सर म्हणाले की मिळालेला आठवडा अपूर्णांकांना द्या, दर वर्षी अर्धी मुलं तिथे अडकतात. माणूस खोटं बोलत नव्हता. मी विचारलं, "नेमकी कुठे अडकतात, हे तुम्हाला कधी कळतं, सर?" "पेपर तपासताना," ते म्हणाले.

मग मी चिठ्ठी वाचून दाखवली. पुढे तासभर बोलणं झालं.

आठवड्याचे पाच दिवस, रोज सहा तासिका, अशा तीस. त्यातल्या अठरा ताईच्या चिठ्ठीला मिळाल्या, बारा अपूर्णांकांना. या तासिका येत्या जूनमध्ये चौथीत बसणाऱ्या मुलांच्या. यंदाची चौथीची एकशे सात मुलं पुढच्या महिन्यात चौथी सोडतील. त्यांच्या वाट्याचं मला काही देता आलं नाही.

ताईची दोरी आता लालबागच्या शाळेत बांधली आहे आणि चिठ्ठी तिच्यावर तिसाव्या चिमट्याला आहे. बाकीचे सहा माझ्या टेबलाच्या खणात आहेत. ते मी पुन्हा मोजले आहेत.