ताईचा मनोरा आणि सरकारी कुलूप

आमच्या ताईला नसत्या उठाठेवींची हौस लहानपणापासूनच. शिवणाचं दुकान छान चाललेलं, गिऱ्हाइकं कपडे घेऊन दारात ताटकळतायत, आणि ही बाई समोरच्या जुन्या मनोऱ्यावर चढून कात्रीनं भिंतीतली रोपटी उपटतेय. मनोरा कुणी बांधला हे तिला धड ठाऊक नव्हतं. वरच्या खिडकीभोवती दगडात कोरलेल्या पक्ष्यांची रांग होती, त्या पक्ष्यांवर मात्र तिचा जीव. खिडकीच्या कमानीला एक फट होती. फटीत हिरवं काही दिसलं की ताई निघालीच.

"अगं, पडशील एखाद्या दिवशी!" मी ओरडायची.

"मूळ वाढलं तर कमान पडेल. त्यापेक्षा मी पडलेली बरी."

मग तिच्या डोक्यात आलं, आपण किती दिवस पुरणार? मनोरा सरकारनंच ताब्यात घ्यायला हवा. झालं! पुरातत्त्व खात्याचे उंबरठे झिजवले, साहेबांचं डोकं खाल्लं, माझ्या नवऱ्यालाही खेटे घालायला लावले. शेवटी मनोरा 'संरक्षित' झाला. त्या दिवशी तिनं अख्ख्या गल्लीला चहा पाजला.

खात्यानं काय केलं? भोवती लोखंडी कुंपण घातलं, दाराला कुलूप ठोकलं, फलक लावला, एक पहारेकरी बसवला आणि किल्ली घेऊन निघून गेलं. एवढं संरक्षण केल्यावर आणखी काय करायचं असतं?

काही महिन्यांत फटीतून रोपटं वर आलं. ताई कात्री घेऊन गेली, तर पहारेकऱ्यानं अडवलं.

"मावशी, हात लावायचा नाही. संरक्षित आहे."

"अरे, मनोरा संरक्षित आहे की ते रोपटं?"

"ते साहेबांना विचारा."

साहेब म्हणाले, तज्ज्ञ येतील. तज्ज्ञ आले, पण किल्ली सापडेना. खालूनच फोटो काढून गेले. रोपटं वाढत राहिलं. ताई मशीनवर बसून त्याच्याकडे बघायची आणि माझ्यावर चिडायची. माझा काय संबंध?

बघता बघता त्याचं झाड झालं. एक दिवस उद्यान खात्याचा माणूस बाहेरून शिडी लावून वर चढला. ताई आनंदानं धावली. त्यानं खोडावर झाडमोजणीच्या नंबराचा पत्रा ठोकला आणि तो खाली उतरला. म्हणजे आता झाड तोडायलाही परवानगी लागणार!

कमान भर दुपारी पडली. नशीब, खाली कुणी नव्हतं. ताई रस्त्यात बसून पक्ष्यांचे तुकडे शिवायला आलेल्या चादरीत गोळा करत होती.

"मावशी, तुकडेही संरक्षित आहेत," पहारेकरी म्हणाला.

तिनं ते मुकाट्यानं खाली ठेवले. माझी ताई, आणि मुकाट्यानं! मला तेव्हाच धसका बसला.

आता मात्र खातं तातडीनं कामाला लागलं. कुंपण पुढे सरकवलं, थेट ताईच्या पायरीपर्यंत. कुंपणाला लागून म्हणून तिचं दुकानही संरक्षित हद्दीत धरलं. छपराचा पत्रा बदलायचा तरी आधी विचारायचं, असं साहेब बजावून गेले. ज्यांना एक रोपटं उपटता आलं नाही, ते ताईला छपराचे नियम शिकवत होते!

परवा मी गेले तर ताई दुकानाबाहेर उभी, हातात कात्री. तिच्याच भिंतीच्या फटीतून इवलंसं रोपटं डोकावत होतं.

"उपटू का गं?" तिनं मला विचारलं. "की परवानगी लागेल?"

जन्मात हिनं मला कधी काही विचारलं नव्हतं. आधी रडूच आलं. मग असा संताप आला, की पुढे होऊन मीच ते खसकन ओढलं. हातात नुसता शेंडा आला.

"अहो बाई!" कुंपणाजवळून पहारेकरी ओरडला.

ताईनं शेंड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"तुला एक काम कधी धड जमलंय? मूळ आतच राहिलं. सरक," म्हणाली, आणि कात्रीचं टोक फटीत घातलं.