भुऱ्याचं चावणं

आज शेजारच्या कुत्र्याच्या पिल्लाने माझ्या लुगड्याचा काठ दातांत धरला आणि मी नकळत त्याच्याकडे पाठ केली. सत्तर वर्षं झाली, ती सवय काही अंगातून गेली नाही.

तेव्हा तळ्याकाठच्या आमच्या घरी भुऱ्या नावाचं पिल्लू होतं. मी जाळं विणायला बसले की ते माझी बोटं चावायचं, लक्ष दिलं नाही तर भुंकून घर डोक्यावर घ्यायचं. बाबा म्हणाले, "त्याचं चावणं सोडव, मंग ठेवू घरी." मी महिनाभर तेच केलं. चावला की पाठ फिरवायची, गप बसला की वळून मासळीच्या वासाच्या हातांनी कुरवाळायचं. भुऱ्या शिकला.

मग चामोर्शीच्या बाजाराच्या दिवशी बाबांचे एक दोस्त आले आणि त्यांनी भुऱ्याला उचलून बैलबंडीत ठेवलं. मी रडू लागले, तर बाबा हसले. "त्याइच्या घरी लहान लेकरं हायेत. चावरा कुत्रा कसा देऊ? म्हणूनच तं तुले शिकवाले लावलं."

रागाने मी बाबांकडे पाठ फिरवली. बंडी हलली, तरी भुंकणं ऐकू आलं नाही. माझी पाठ पाहून भुऱ्या गप बसला होता, मी वळेन म्हणून.