फुंकर मारायची नाही: वाघोलीच्या शेडमध्ये तीन दिवस

पुण्याला जायचं ठरलं ते एका फोनवर. फोन ऋचाचा होता. ही आमच्या अकोल्यातल्या शेजाऱ्यांची मुलगी, शाळेच्या सुट्टीत आमच्या दुकानात पत्रिका वाळत घालायला यायची. आता ती पुण्यात वाकणाऱ्या प्लॅस्टिकवर दिवे छापते. हो, छापते. मीही दोनदा विचारून घेतलं.

"काकाजी, मशीन छापून राहिली, पण थर सारखा नाही येऊन राहिला," ती म्हणाली. "तीन दिवस या ना. तुमचा हात पाहिजे."

या हाताने अठ्ठावीस वर्षं स्क्रीन प्रिंटिंग केलं, बहुतेक लग्नपत्रिका. फ्रेमवर ताणलेल्या जाळीतून रबरी पट्टीने शाई ओढायची, एवढंच ते काम, पण ते दोघांचं. एकाने ओढायचं, समोरच्याने छापलेला कागद उचलून वाळत ठेवायचा. समोर माझी बायको सुनंदा असायची. दीड वर्षापूर्वी ती गेली. धंदा मोबाइलवरच्या पत्रिकांमुळे आधीच बसला होता. मूर्तिजापूरचे एक गृहस्थ टेबल आणि फ्रेमा घ्यायला तयार होते, त्यांना मी सोमवारपर्यंत थांबवलं. पुण्यात माझ्या हाताला काम मिळालं तर सामान ठेवायचं, नाहीतर देऊन टाकायचं, असं मनाशी पक्कं करून ट्रॅव्हल्समध्ये बसलो.

आमच्याकडून येणाऱ्या बऱ्याच ट्रॅव्हल्स नगर रस्त्याने पुण्यात शिरतात. काम वाघोलीकडे असेल तर तिथेच उतरा, उगाच शहरात जाऊन ट्रॅफिकमधून परत येऊ नका. लॉजवर मागच्या बाजूची खोली मागा, पुढच्या खोलीत ट्रक उशाशी असतात. वाघोलीत आपल्याकडची पोरं इतकी आहेत की खानावळीत वरण-भात आपल्या चवीचा मिळतो आणि बोलणंही ओळखीचं ऐकू येतं. मी तीन दिवस तिथे जेवलो. माझ्याशी मात्र "अजून वाढू?" याच्यापलीकडे कोणी बोललं नाही.

ऋचाचं काम चालतं ती शेड केसनंदच्या रस्त्याला आहे. समोरच्या टपरीवर चहा घेताना जागेचे मालक भेटले.

"दिवं छापत्यात म्हणं आत," ते म्हणाले. "जागा आमचीच हाय. आज्यानं हितं ज्वारी पेरली व्हती. आता काय बी उगवू दे."

आत जायला दोन दारं. टोपी, मास्क, पांढरा डगला. हवेतली ओल काढणारं यंत्र सतत घरघरत असतं. ऋचाने सगळं समजावून सांगितलं. नेहमीची चिप सिलिकॉनची, ती कडक असते आणि तिला भट्टीसारखी उष्णता लागते. इथली शाई वीज दिली की उजळणाऱ्या कार्बनच्या संयुगांची. ती द्रवात विरघळते, छापता येते आणि उकळत्या पाण्याहून थोड्याच जास्त उष्णतेवर वाळते, त्यामुळे खालचं प्लॅस्टिक वितळत नाही. कावीळ झालेल्या तान्ह्या बाळाला निळ्या दिव्याखाली ठेवतात. तोच दिवा दुपट्यासारखा गुंडाळता आला, तर बाळाला आईच्या मांडीवरून उचलावं लागणार नाही. अजून सगळं प्रयोगाच्याच पायरीवर आहे, पण मला हे ऐकून फार बरं वाटलं.

टेबल लावलं. मी रबरी पट्टी हातात घेतली आणि ऋचा समोर जाऊन उभी राहिली. दीड वर्षाने माझ्यासमोर कोणीतरी उभं होतं. हात आपोआप चालला. शाई ओढली, थर बघितला, अगदी एकसारखा. आणि मग मी तेच केलं जे अठ्ठावीस वर्षं करत आलो. मास्क खाली ओढला आणि ओल्या छपाईवर हलकेच फुंकर मारली.

"काकाजी! काय करून राहिले!"

ऋचा एवढ्यांदा ओरडली की दारापाशी उभे असलेले तिचे साहेब आत आले. साहेब जन्माने सदाशिव पेठेतले. त्यांनी ती छापलेली प्लॅस्टिकची पट्टी उजेडात धरली.

"श्वासात पाणी असतं आणि पाण्याने हा थर मरतो, हे समजायला आम्हाला वर्ष लागलं," ते म्हणाले. "आपण एका फुंकरीत करून दाखवलंत. आभारी आहोत."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या तुकड्याचे खालचे थर बनवण्यात ऋचाचा आठवडा गेला होता. तिने पट्टी तशीच पुढे नेली, वरचा थर दिला आणि आवरण घालून बंद केली, "बघू तर काय होते" म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तोंड बंद ठेवून नऊ पट्ट्या छापल्या. माझ्या रबरी पट्टीला त्यांनी बारीक वायरी लावल्या होत्या. कोन, दाब, वेग, सगळं संगणकात जात होतं. दुपारी पट्ट्या वाळायला गेल्या आणि मी खडकवासल्याला गेलो. वाघोलीहून बस बदलत जायचं असेल तर दोन तास धरून चला, आणि रविवारी तर जाऊच नका. धरणाच्या भिंतीजवळ भजी खाल्ली, तीन जोडप्यांचे फोटो काढून दिले. एका मुलीने विचारलं, "काका, तुमचा काढू?" मी नको म्हटलं. पाणी सुंदर होतं. ते कोणाला सांगावं हे सुचेना, म्हणून परत आलो.

तिसऱ्या दिवशी पट्ट्यांना वीज जोडली. नऊच्या नऊ निळ्या उजळल्या, बोटाभोवती गुंडाळल्या तरी विझल्या नाहीत. माझ्या फुंकरीचीही उजळली, पण मधोमध काळ्या ठिपक्यांचा झुबका होता, बरोबर तोंडाएवढा. ऋचा म्हणाली, "हे ठिपके रोज वाढतील, काकाजी. थोड्या दिवसांत पूर्ण काळी होईल."

मग त्यांनी मशीन सुरू केलं. माझाच कोन, माझाच दाब. प्लॅस्टिकचा रोल उलगडत गेला आणि थर एकसारखा पडत गेला. मी सरळ विचारलं, "मग मी राहू का इथे?"

ऋचा रोलची कड सरळ करू लागली. साहेबच बोलले, पण या वेळी आवाज मऊ होता. "आपला हात आता आमच्याकडे आहे. आपण निश्चिंत घरी जा."

निघताना मी फक्त ती काळवंडणारी पट्टी मागून घेतली. ऋचाने सोबत बॅटरीचा छोटा डबा दिला आणि वाघोलीच्या स्टॉपवर बस सुटेपर्यंत उभी राहिली.

सोमवारी मूर्तिजापूरचे गृहस्थ आले, एकटेच. टेबल उचलायला मीच दुसऱ्या बाजूला गेलो, जिथे सुनंदा उभी राहायची तिथे. तिथून दुकान वेगळंच दिसतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. माझ्या हाताला किंमत आहे का, हे विचारायला मी पुण्याला गेलो होतो. पण ते तीन दिवस मी खूश होतो ते समोर ऋचा होती म्हणून, आणि टेबल ठेवलं तरी समोर उभं राहणारं माणूस परत मिळणार नव्हतं. टेबल दिलं. चुकलं असं वाटत नाही, फक्त खोली फार मोठी झाली आहे.

संध्याकाळी एकदा पट्टी लावतो, मिनिटभरच. ठिपके वाढलेत, पण कडेला अजून निळं आहे. आवरण घातल्यावर श्वासाचं भय नाही, हे ऋचाने मला नीट समजावलंय. तरी जवळून बघताना मी तोंडावर हात धरतो.