वाढीचं गाणं
विकासाचा खरा पाया लोकसहभाग असतो, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. फक्त न्यूझीलंडमधल्या पोरिरुआत तो पाया एका गाण्यानं कमी पडत होता. ओल्या लोकरीचा वास आला की ती सकाळ आठवते. आमच्या स्वयंसेवी गटाची प्रमुख घानाची संशोधक होती, अनेक देशांत शेतीप्रकल्प उभे केलेली. माओरी वडीलधाऱ्यांनी होकार दिला तरच त्यांच्या सभागृहामागच्या जमिनीवर तिची भाजीबाग होणार होती. बूट बाहेर काढून, भिजलेल्या कोटांनिशी आत बसल्यावर कळलं, की पाहुण्याच्या भाषणानंतर त्याच्या माणसांनी उभं राहून गायचं असतं, नाहीतर भाषण अपुरं राहतं. तिची माणसं म्हणजे आम्ही चार मराठी आणि एकाची भारतातून आलेली आई, आम्हा सगळ्यांच्या काकू. "लोकसहभागावर माझी पीएचडी आहे," ती कुजबुजली, "प्लीज, काहीही गा!" "अरे, सगळ्यांना येतं असं आहे काय आपल्याकडे?" मी विचारलं. जे गाणं सुचे, त्याचं दुसरं कडवं कुणालाच येत नव्हतं. तिचं भाषण संपलं. सगळे आमच्याकडे पाहू लागले. शेवटी काकूच उठल्या, म्हणाल्या, "चला रे, माझ्या मागोमाग म्हणा," आणि संथ, गंभीर सुरात त्यांनी बेचा पाढा सुरू केला. पाढा संपल्यावर आम्ही खाली बसलो. एका आजोबांनी गाण्याचा अर्थ विचारला. मराठीचा गंधही नसलेली आमची प्रमुख ठामपणे म्हणाली, "वाढीचं गाणं आहे." आजोबांनी मान डोलावली. त्या बागेतला कोबी आज चिरताना वाटलं, ती काही खोटं बोलली नव्हती. आम्ही दोनापासून विसापर्यंत गेलो होतो.