गरज बघायला आलेल्या बाई

फोनवर बाई म्हणाल्या, "बुधवारी तुमच्या घरी येते हं."

मी म्हणालो, "या, या! जेवायलाच या. आणि एकट्या कशाला, घरच्यांनाही आणा."

फोन ठेवल्यावर बायकोने विचारलं, "कोण होतं?"

"पेणच्या संस्थेतल्या बाई. आपल्याला मदतीची खरंच गरज हाय का, ते बघायला येतायत."

"आणि तुम्ही त्यांना जेवणाचं आवताण दिलंत? कुटुंबासकट?"

आता मी तरी काय करणार? घरी येतो म्हणणाऱ्याला दुसरं काही सांगायची आमच्या रोह्यात पद्धतच नाही.

मला आतड्याचा कॅन्सर. ऑपरेशन सरकारी योजनेत पार पडलं, पण त्यानंतरची इंजेक्शनं योजनेत बसेनात. निम्मी आम्ही कशीबशी घेतली आणि घर धुऊन निघालं. डॉक्टर म्हणाले, मध्ये खंड पडू देऊ नका. मी धाटावच्या कंपन्यांतल्या कामगारांची ने-आण करणारी बस चालवायचो, तीही ठेकेदाराची. स्टेअरिंगवर बसलो तर पगार, खाटेवर पडलो तर राम राम. शेवटी इस्पितळातल्या समाजसेविकेने या संस्थेचं नाव सुचवलं. कागदपत्रं झाली, आता फक्त ही घरभेट उरली होती. बाई हो म्हणाल्या तर पुढचं इंजेक्शन, नाहीतर नाही.

पाहुणे येणार ही बातमी मीच चाळभर केली. समोरच्या भाभी, ज्यांचे मिस्टर कुवेतला असतात, कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "भाई, पेणच्या बाईंना त्या फाटक्या चटईवर बसवणार? आमची काय इज्जत हाय का नाय?" बुधवारी सकाळी त्यांचा लालभडक गालिचा आमच्या खोलीत आला. पाठोपाठ सोनेरी काठाच्या प्लेटी. शेजारच्या काकांनी दोन गुबगुबीत खुर्च्या आणि उभा पंखा आणून ठेवला. बायको म्हणत होती, "अहो, कशाला हे?" पण मला हुरूप चढलेला. लग्नातली सफारी काढून घातली. पूर्वी पोटावर बटण लागायचं नाही, आता आत आणखी एक माणूस सहज मावला असता.

धरमतरच्या खाडीवरून मेव्हण्याने जिताडं पाठवलं. हा मासा आमच्याकडे जावयाला नाहीतर व्याह्याला वाढतात. खोलीत असा काही वास सुटला, की मुलगी बघायचाच कार्यक्रम वाटावा. डोक्यावर केस नसलेली मुलगी म्हणजे मी.

बाई आल्या, एकट्याच. गालिच्यावर पाय ठेवताना जरा थबकल्या. खुर्चीत बसून चौफेर नजर फिरवत म्हणाल्या, "घर छान ठेवलंय."

"तुमच्या आशीर्वादाने."

"हा गालिचा?"

"कुवेतचा!" मी छाती काढून सांगितलं.

बायकोला आत ठसका लागला. बाईंनी काहीतरी लिहिलं, आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. एका गालिच्यापायी मी माझं इंजेक्शन घालवून बसलो होतो! आता खरं सांगावं तर खोटारडा ठरणार, न सांगावं तर श्रीमंत.

ताटं वाढून होतात तोवर काका दारात. "पंखा जरा नेतो हां. हिचा जीव घाबरा झालाय उकाड्याने." पंखा गेला. पाठोपाठ भाभी. "भाई, सासरे आलेत अचानक. दोन प्लेटी द्या ना. गालिचा राहू दे, बाई गेल्यावर नेते."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "या खोलीतलं तुमचं स्वतःचं काय आहे?"

मी सफारीचं बटण चाचपू लागलो. बायको पदराला हात पुसत बाहेर आली. "सफारी यांची. आतला माणूस माझा. बाकी सगळं शेजाऱ्यांचं."

बाई इतक्या हसल्या, की जिताड्याचा काटा अडकेल म्हणून भाभी पाण्याचा तांब्या घेऊन धावल्या. डोळे पुसत बाई म्हणाल्या, "आम्ही येणार म्हटलं की लोक टीव्हीसुद्धा लपवतात हो. मांडून दाखवणारे तुम्ही पहिलेच." मग त्यांनी बायकोला जवळ बसवून नीट विचारलं. तिने सगळं सांगितलं, पुढच्या इंजेक्शनची तारीख तोंडावर आलीय, तेही. भाभी मध्येच म्हणाल्या, "लिवा बाई, लिवा. माणूस बडबड्या हाय, पण पाहिजे आम्हाला."

त्यानंतर बाईंनी आणखी थोडा भात घेतला. मला तो शुभशकुन वाटला.

तारखेच्या आधी फोन आला. उरलेल्या सगळ्या इंजेक्शनांचे पैसे संस्था परस्पर इस्पितळात भरणार होती. मी चाळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओरडत गेलो. काकांनी पेढे वाटले, भाभींनी शिरखुर्मा केला, ईद नसताना. परत येऊन बायकोला म्हणालो, "बघितलंस गो, माझा पाहुणचार कामाला आला!"

ती उंबऱ्यावर बसली होती. एका डोळ्यात हसू, एकात पाणी. म्हणाली, "आता मुकाट्याने बरे व्हा. लोकांचा पैसा हाय, वाया घालवलेला मला चालायचा नाय."